बांधीतलं नत्र, उपसागरातला प्राणवायू

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. पण जिल्ह्यातलं जवळजवळ सगळं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं, आणि तो समुद्र मुंबईचा नव्हे. बाघ, चुलबंद, गाढवी, पांगोली ही आमची नदीनाल्यांची मंडळी वैनगंगेला जाऊन मिळतात. वैनगंगा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असं करत खाली उतरते आणि वर्धेला भेटली की तिचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. तिथून पुढे भद्राचलम, पापिकोंडांची घळ, राजमहेंद्री, आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला धवळेश्वरमचा बंधारा, आणि मग बंगालचा उपसागर. नकाशावर सरळ रेघ मारली तरी आम्हाला मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ आहे.

समुद्राचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गलबतं येतात, आंग्रे येतात, जलदुर्ग येतात. मला इथे दुसराच इतिहास सांगायचा आहे. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव आहेत ते तिथे काय करतात, हे माणसाला कसं कळत गेलं, याचा. या इतिहासात भारताच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांना मोठं स्थान आहे. आणि त्यातला एक धागा, कोणाला पटो न पटो, थेट आमच्या धानाच्या बांधीपर्यंत येतो. झाडीपट्टीत बांध घातलेल्या भातखाचराला बांधी म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

कीलच्या प्राध्यापकाचा प्रश्न

सुरुवात एका हिशोबापासून करू. सगळ्या सजीवांना नायट्रोजन लागतो. हवेचा चार पंचमांश भाग नायट्रोजनच आहे, पण वायूच्या रूपातला हा नायट्रोजन बहुतेक सजीवांच्या उपयोगाचा नाही. अमोनिया, नायट्रेट अशा रूपात तो बांधला गेला तरच वनस्पतींना घेता येतो. आपले शेतकरी त्याला नत्र म्हणतात. मीही पुढे हाच फरक पाळतो: हवेतला तो नायट्रोजन, कामाचा ते नत्र.

पाऊस पडतो, जमीन धुपते, नद्या थोडं थोडं नत्र समुद्रात नेऊन टाकतात. हे लाखो वर्षं चाललं आहे. मग समुद्रात नत्राचा प्रचंड साठा का झाला नाही? १८९९ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी हा प्रश्न मांडला आणि स्वतःच उत्तर सुचवलं. मातीत नत्राचं पुन्हा वायूत रूपांतर करणारे बॅक्टेरिया असतात हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. ब्रांट म्हणाले, समुद्रातही ते असणार. नद्या जमा करतात, बॅक्टेरिया खर्ची टाकतात, म्हणून खातं फुगत नाही.

ब्रांट इथे थांबले नाहीत. उष्ण कटिबंधातला समुद्र स्वच्छ, निळा आणि तरंगत्या जीवांच्या बाबतीत गरीब का, याचंही उत्तर त्यांनी याच बॅक्टेरियांत शोधलं: गरम पाण्यात ते जोरात काम करतात, नत्र संपवून टाकतात. हे उत्तर टिकलं नाही. उष्ण समुद्रात वरचं हलकं पाणी खालच्या थंड, सकस पाण्यात मिसळत नाही, म्हणून तो गरीब, हे पुढच्या काही वर्षांतच स्पष्ट होऊ लागलं. पण जमाखर्चाची मूळ कल्पना बरोबर निघाली. फक्त तो खर्च नेमका कुठे होतो, हे ब्रांट यांना ठाऊक नव्हतं. तो सगळ्या समुद्रात होत नाही. जिथे ऑक्सिजन संपतो तिथेच होतो. आणि जगाच्या खुल्या समुद्रांत अशा ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांतली एक मोठी जागा रत्नागिरी-मालवणच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या पोटात आहे.

चमचाभर पाण्यात पन्नास लाख

पण आधी हे जीव किती आहेत हेच माणसाला फार उशिरा कळलं. १८८९ च्या जर्मन प्लवक-मोहिमेत बर्नहार्ड फिशर हे बॅक्टेरियांचे अभ्यासक जहाजावर होते. पद्धत त्या काळातली सरळ होती: समुद्राचं पाणी पोषक थरावर पसरायचं, काही दिवसांनी किती ठिपके उगवले ते मोजायचं. एक ठिपका म्हणजे मूळचा एक जीव. आकडे छोटे यायचे. त्यामुळे खुल्या समुद्रात बॅक्टेरिया फारसे नाहीत, असतील ते किरकोळ सफाई कामगार, असा समज पुढे पाऊण शतक टिकला.

खरी गोष्ट अशी होती की समुद्रातले बहुसंख्य बॅक्टेरिया बशीत उगवतच नाहीत. त्यांना आपलं खाणं मानवत नाही. १९७० च्या दशकात चमकणारे रंग वापरून, बारीक छिद्रांच्या गाळणीवर गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी थेट मोजायची रीत बसली आणि आकडा हजारपटीने वाढला. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख. चहाच्या चमच्यात पन्नास लाख. १९७४ मध्ये लॉरेन्स पोमरॉय यांनी लिहिलं की समुद्रातली मुख्य उलाढाल माशांची नाही, या बारक्यांची आहे. १९८३ मध्ये लाहोरमध्ये वाढलेले फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उलाढालीचं चक्र मांडलं: शैवालातून पाझरलेलं अन्न बॅक्टेरिया खातात, बॅक्टेरियांना त्यांच्याहून थोडे मोठे एकपेशीय जीव खातात, त्यांना आणखी मोठे. वाया गेलं असं वाटणारं अन्न पुन्हा साखळीत येतं.

१९८८ मध्ये तर सॅली चिशोम आणि सहकाऱ्यांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा एक प्रकाशसंश्लेषण करणारा जीव जाहीर केला, प्रोक्लोरोकॉकस. जगातल्या सर्वाधिक संख्येच्या सजीवांपैकी तो एक आहे. पेशी एकेक करून प्रकाशझोतासमोरून नेणारं यंत्र जहाजावर चढवेपर्यंत तो कोणाच्या नजरेला पडला नव्हता. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तोवर एकोणीस वर्षं झाली होती.

माबाहिस, किस्त्ना आणि दोना पावला

अरबी समुद्रातल्या त्या ऑक्सिजनहीन थराची ओळख मात्र त्याआधीच होऊ लागली होती. १९३३-३४ मध्ये जॉन मरे मोहीम निघाली. जहाज इजिप्त सरकारचं, नाव 'माबाहिस', आणि प्रमुख रॉबर्ट बेरेसफोर्ड सीमोर सेवेल, जे त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. जाळी खोल सोडून ओढली तेव्हा अरबी समुद्राच्या उत्तर भागात काही खोलीवर तळ जवळजवळ निर्जीव आढळला. जहाजावरच्या एच. सी. गिल्सन यांनी नत्राची वेगवेगळी रूपं मोजली. ऑक्सिजन जिथे फार कमी, तिथे त्यांना नायट्राइटचा एक जास्तीचा उंचवटा सापडला. नायट्रेटमधून एक ऑक्सिजन काढून घेतला की नायट्राइट उरतं. कोणीतरी तिथे नायट्रेटवर श्वास घेत होतं, त्याची ही खूण.

'नायट्रेटवर श्वास घेणं' हे जरा उलगडायला हवं. आपण अन्न ऑक्सिजनच्या मदतीने जाळतो. पुष्कळ बॅक्टेरियाही तेच करतात. पण ऑक्सिजन संपला की त्यांतले काही नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग पुढच्या पायऱ्यांवर नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. नत्र सुटून हवेत परत. याला विनायट्रीकरण म्हणतात. ब्रांट यांच्या खातेवहीतला खर्च तो हाच.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा म्हणजे १९६०च्या दशकातली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. चाळीसहून अधिक जहाजं तीत होती आणि भारतातर्फे नौदलाची 'आयएनएस किस्त्ना' संशोधक घेऊन फिरली. मोहीम संपली, पण माणसं तयार झाली होती. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. संस्था पुढे गोव्यात आली आणि दोना पावलाच्या टेकडीवर स्थिरावली. १९७६ मध्ये तिला 'गवेषणी' हे स्वतःचं जहाज मिळालं, १९८३ मध्ये देशाकडे 'सागर कन्या' आली.

या संस्थेतल्या वाजिह नक्वी यांचं नाव या कथेत वारंवार येतं. पुढे ते संस्थेचे संचालकही झाले. अरबी समुद्रातून दरवर्षी किती नत्र वायू होऊन सुटतं याचा हिशोब ज्यांनी बसवत नेला, त्यांत ते अग्रभागी होते. मध्य आणि ईशान्य अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून खाली शेकडो मीटर जाडीचा जवळजवळ ऑक्सिजनशून्य थर आहे, आणि जगाच्या खुल्या समुद्रातल्या नत्रखर्चाचा मोठा वाटा तिथे पडतो.

१९९७ पासून या संस्थेने गोव्यात कांदोळीच्या समोर, किनाऱ्यापासून जवळच्या ठरावीक ठिकाणी नियमित पाणी मोजायला सुरुवात केली. दर वर्षी पावसाळ्यात खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ उताऱ्यावर चढतं. वर पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं. झाकणाखाली बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट संपवतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काही वर्षी सल्फेटवर येतात. सल्फेटवर श्वास घेतला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतं, सडक्या अंड्यांच्या वासाचं आणि माशांना विष असणारं. २००० साली नक्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की या काळात किनाऱ्यालगतच्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड विलक्षण प्रमाणात साठतो. तापमानवाढीच्या हिशोबात हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जड पडतो. किनाऱ्यावरून वाहून येणारी खतं हा प्रकार तीव्र करत असावीत, ही शंकाही त्यांनी तिथेच नोंदवली.

उपसागराचं कोडं

आता आमच्या बाजूच्या समुद्राकडे येतो. बंगालच्या उपसागरातही शंभरेक मीटर खालपासून काही शे मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नाही. जुन्या पद्धतीने मोजलं तर दोन्ही समुद्रांचे आकडे सारखेच दिसत. ही पद्धत १८८८ मध्ये बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी शोधली आणि ती आजही वापरात आहे. बाटलीत पाणी पकडायचं, रसायनं घालायची, रंग जाईपर्यंत थेंब सोडायचे. शंभर वर्षांत सुधारणा होत गेल्या, पण फार कमी ऑक्सिजन आणि शून्य ऑक्सिजन यांतला फरक तिला नीट सांगता येत नसे.

कोडं असं होतं की ऑक्सिजन दोन्हीकडे जवळपास सारखा कमी, तरी अरबी समुद्रात नत्र भसाभसा वायू होऊन सुटतं आणि उपसागरात तशी ठळक खूणच दिसत नाही. गिल्सन यांना दिसला होता तसा नायट्राइटचा उंचवटा इथे उठत नाही. एकाच मॉन्सूनचे दोन समुद्र, एकाच अक्षांशावरचे, आणि वागणं निराळं.

उत्तराचा एक भाग नद्यांमध्ये होता. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा: इतकं गोडं पाणी दुसऱ्या क्वचितच एखाद्या उपसागरात येत असेल. ते वर पसरतं, खालचं सकस खारं पाणी वर येऊ देत नाही. वर अन्न कमी, म्हणून शैवाल कमी, म्हणून खाली पडणारा पाचोळाही कमी. खालच्या बॅक्टेरियांना जाळायलाच कमी, मग ऑक्सिजनही जरा पुरवून पुरवून संपतो.

उत्तराचा दुसरा भाग गाळात होता, आणि मला हा भाग फार आवडतो. १९९१ मध्ये वेणुगोपालन इत्तेकोट आणि सहकाऱ्यांनी उपसागरात खोलवर सापळे टांगून वरून पडणारे कण गोळा केले. नद्यांनी आणलेले मातीचे कण मेलेल्या शैवालाला, विष्ठेच्या गोळ्यांना चिकटतात. पाचोळ्याला दगड बांधल्यासारखं होतं. तो झपाट्याने खाली जातो आणि मधल्या थरातल्या बॅक्टेरियांना तो खायला फारसा वेळच मिळत नाही. म्हणजे आमच्या काठाकाठाने सुटलेली माती पाचशे-हजार किलोमीटर पलीकडे जाऊन उपसागराचा ऑक्सिजन वाचवत असते. अर्थात या कामातला मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा. पण आपल्या वाट्याचा गोदावरीही उचलते.

शेवटचा तुकडा मिळायला नवं उपकरण लागलं. डेन्मार्कमधल्या नील्स पीटर रेव्हस्बेक यांच्या गटाने लिटरमागे काही नॅनोमोल इतका सूक्ष्म ऑक्सिजन ओळखणारा संवेदक बनवला. तो उपसागरात उतरवून केलेला अभ्यास लॉरा ब्रिस्टो, नक्वी आणि इतरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या थरात ऑक्सिजन होता. १० ते २०० नॅनोमोल. समुद्राच्या पृष्ठभागावर लिटरमागे सुमारे २०० मायक्रोमोल असतो, म्हणजे इथे त्याच्या हजाराव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी. जुन्या पद्धतीच्या दृष्टीने शून्यच.

पण बॅक्टेरियांच्या दृष्टीने ते शून्य नव्हतं. नत्र उधळणारे सगळे जीव तिथे हजर होते. विनायट्रीकरण करणारे होते. अमोनिया आणि नायट्राइट जोडून त्यातून नायट्रोजन काढणारे अ‍ॅनामॉक्स बॅक्टेरियाही होते, ज्यांचा शोध १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या सांडपाण्याच्या टाकीत लागला होता. मात्र ते जवळजवळ हात बांधून बसले होते. कारण दुसऱ्या एका गटाचे बॅक्टेरिया त्या चिमूटभर ऑक्सिजनवर नायट्राइट उचलून त्याचं पुन्हा नायट्रेट करून टाकत होते. उधळ्यांच्या हाती नायट्राइट पडतच नव्हतं. २०१९ मध्ये स्वतः वरखाली डुबक्या मारत नोंदी पाठवणाऱ्या तरंगत्या यंत्रांच्या आकडेवारीतूनही हेच चित्र आलं: भोवऱ्यांसारखे प्रवाह अधूनमधून त्या थरात थोडा ऑक्सिजन ढकलतात आणि नत्राचा खर्च अडून राहतो.

सारांश, बंगालचा उपसागर एका काठावर उभा आहे. पलीकडे अरबी समुद्र आहे. मध्ये अंतर आहे ते काही नॅनोमोलचं. वरून थोडा जास्त पाचोळा पडू लागला, तर बॅक्टेरिया तो शेवटचा ऑक्सिजन संपवतील आणि उधळ्यांचे हात सुटतील. दुसरीकडे, १९६० पासून जगाच्या समुद्रांतला एकूण ऑक्सिजन दोन टक्क्यांहून अधिक घटला आहे, कारण गरम पाण्यात तो कमी विरघळतो आणि गरम झालेला वरचा थर खालच्याशी मिसळत नाही. दोन टक्के ऐकायला किरकोळ. पण ज्याच्या खिशात आठ आणेच आहेत त्याला ते किरकोळ नसतात.

हेच सगळं गुडघाभर चिखलात

आता बांधीत उतरू. वर जे थरांचं वर्णन केलं, ते वाचताना धानाच्या शेतकऱ्याला ओळखीचं वाटायला हरकत नाही. चिखलणी झाली, पाणी साठवलं, रोवणी झाली. आता मातीच्या अगदी वरच्या काही मिलिमीटर थरात ऑक्सिजन आहे, पाण्यातून झिरपलेला. त्याखाली काळपट चिखल, ऑक्सिजनशिवाय. उपसागराची शंभर मीटरची गोष्ट इथे बोटभर जागेत घडते, आणि घडवणारे तेच, किंवा त्यांचे चुलतभाऊ.

युरिया फेकला की त्याचं अमोनिया होतं. काही अमोनिया तसाच हवेत उडतो. काही वरच्या थरात ऑक्सिजनच्या साहाय्याने नायट्रेट होतो. नायट्रेट मातीला चिकटत नाही, ते खाली झिरपतं, काळ्या चिखलात पोचतं, आणि तिथले बॅक्टेरिया त्यावर श्वास घेऊन त्याचा वायू करतात. जपानमध्ये शिओइरी यांनी १९४०च्या सुमारास भाताच्या शेतात हे उलगडून दाखवलं होतं. त्यांचा सल्ला सोपा होता: खत वर टाकू नका, खाली पुरा. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात अमोनियाचं नायट्रेट होतच नाही, मग उधळायलाही काही उरत नाही.

आपल्याकडे डॉ. ना. कृ. सावंत यांनी हे तत्त्व चारसूत्री भातशेतीत आणलं. त्यांचा खतांवरचा अनुभव आंतरराष्ट्रीय होता, पण पद्धत अगदी हाताने करायची. युरिया आणि डीएपीच्या पावणेतीन ग्रॅमच्या गोळ्या, चार चुडांच्या मधोमध एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल. उरलेल्या सूत्रांत भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेताला परत देणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि नियंत्रित लावणी. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, तेही याच कारणाने: अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या बॅक्टेरियांना निंबाचा कडूपणा मानवत नाही, त्यांचं काम मंदावतं.

जमेच्या बाजूलाही दोन्हीकडे सारखीच मंडळी आहेत. १९३९ मध्ये पी. के. दे यांनी दाखवलं की बंगालच्या भातशेतात निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन बांधून नत्र तयार करतं. समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाचा त्याचाच नातलग हे काम करतो. उन्हाळ्यात गोव्याच्या समुद्रावर त्याची लाकडाच्या भुशासारखी तवंग येते, आणि दोना पावलाच्या संस्थेतल्या देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७०च्या दशकात तिचा अभ्यास केला होता.

गाळ अडतो, नत्र जातं

आता प्रश्न असा की बांधीतलं नत्र उपसागरापर्यंत पोचतं का? अतिशयोक्ती नको. भाताला दिलेल्या नत्रापैकी बहुधा निम्म्याहून कमीच पीक घेतं. उरलेल्याचा मोठा भाग हवेत जातो. जो पाण्यातून निघतो त्याला वाटेत तलाव, धरणं, नदीचा तळ लागतो, आणि तिथेही हेच बॅक्टेरिया बसलेले असतात. मुखाशी तर ते अक्षरशः तुटून पडतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातल्या व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि सहकाऱ्यांनी गोदावरीच्या गौतमी शाखेच्या मुखात दीड वर्ष नियमित मोजमाप केलं. ऐन पुरात तिथल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने कितीतरी पट वाढलेला निघाला. वरून आलेला पालापाचोळा, शेणमाती, सांडपाणी बॅक्टेरिया खात होते आणि श्वास सोडत होते. गोंदियाच्या जुलै महिन्याचा तो उच्छ्वास म्हटला तरी चालेल, इतर अनेक जिल्ह्यांच्या उच्छ्वासात मिसळलेला. गोदावरीचं खोरं तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्यात आमचा जिल्हा मूठभर.

तेव्हा एकट्या गोंदियाच्या युरियाने उपसागर बदलेल असं म्हणणं हास्यास्पद. किनाऱ्यालगतच पुष्कळसं नत्र संपून जातं, आणि खुल्या उपसागरावर तर शहरं-कारखान्यांच्या धुरातूनही नत्र पडतं. मला काळजी वाटते ती दोन गोष्टी एकाच वेळी, उलट दिशांनी होत आहेत याची.

एकीकडे गाळ. गोदावरीतून समुद्राला जाणारा गाळ १९७०च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता, तो १९९०च्या दशकात ६ कोटी टनांच्याही खाली आला. धरणांमागे तो बसून राहिला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला, हा त्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम. आमच्या वैनगंगेवर १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली, त्याआधी गाढवीवर इटियाडोह होताच. दुसरीकडे नत्र. धरण मातीला अडवतं, पण पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला भिंत अडवत नाही. काही धरणाच्या तळाशी वायू होतं, बाकीचं दारातून पुढे जातं. म्हणजे उपसागराला पूर्वी पाचोळ्यासोबत जो दगड मिळायचा तो कमी होत चालला, आणि पाचोळा वाढवणारं खत मात्र वाढलं. इत्तेकोट यांचा गाळ आणि ब्रिस्टो यांचे नॅनोमोल एकमेकांशेजारी ठेवले की ही जोडी अस्वस्थ करते. ही माझी जोडणी आहे, कोणाचा सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. पण दोन्ही टोकं पक्की आहेत.

त्याने बिघडेल काय? खालच्या थरात नत्र उधळलं जाऊ लागलं, तर कधीतरी वर येऊन शैवालाला आणि त्यावर जगणाऱ्या माशांना मिळणारं नत्र आधीच हवेत गेलेलं असेल. वाटेत नायट्रस ऑक्साइड सुटेल तो वेगळा. आणि ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकलं की मासळीला राहायची जागा पातळ होत जाते. विशाखापट्टणमपासून चितगावपर्यंतच्या कोळ्यांचं पोट त्या जागेत आहे.

आपल्या हातात काय आहे, याचं उत्तर सुदैवाने समुद्रात शोधावं लागत नाही. झाडीपट्टीतल्या तलावांकडे पाहा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तलाव आणि बोड्या बांधल्या. नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे गेले, आणि १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी रद्द झाल्यावर सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव म्हणतात. या तलावांचा गाळ उन्हाळ्यात काढून बांधीत टाकायची पद्धत होती. वरच्या शेतातून निसटलेलं नत्र आणि माती खालच्या तलावात अडायची आणि बैलगाडीने पुन्हा शेतात जायची. खातेवही गावातच बंद व्हायची. सरकारकडे गेल्यावर तलावाचा धनी गेला, गाळ बसत गेला, आणि शेतात गाळाच्या जागी पिशवीतला पांढरा युरिया आला, स्वस्त आणि हलका.

जुना काळ सगळा गोड होता असं मी म्हणत नाही. मालगुजाराच्या काळात तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल आणि गाळ कोणाच्या पाठीवरून वाहिला जाईल, हे ठरलेलं होतं. युरियाने याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दोन वेळचा भात आणला, हेही खरं. त्यामुळे युरिया टाकू नका असा उपदेश कोणी गोंदियात येऊन करू नये. पण तो वर फेकायचा की खाली पुरायचा, हा प्रश्न आमच्या हातातला आहे. गोळी पुरायला मजुरी जास्त लागते. ऐन रोवणीत बायामाणसं मिळत नाहीत, आणि वाकून वाकून चार चुडांच्या मध्ये गोळी खुपसणं हे काम बायकांच्याच वाट्याला येतं. फेकलेल्या युरियाच्या पिशवीला सरकार अनुदान देतं. पुरायच्या मजुरीलाही त्यातलाच काही हिस्सा मिळाला, आणि मामा तलावांचा गाळ काढून बांधीत नेण्याचं काम रोजगार हमीच्या हिशोबात दर वर्षी नियमाने बसवलं, तर शेतकऱ्याचं खत वाचेल, तलाव खोल होतील, आणि वैनगंगेत उतरणारं नत्र घटेल.

विशाखापट्टणमच्या पूर्वेला, दोनशे मीटर खोल काळोखात, नायट्राइट उचलून परत ठेवणारे ते बॅक्टेरिया आज तरी काम करत आहेत. त्यांना फार काही लागत नाही. हजाराव्या हिश्शाइतका ऑक्सिजन तेवढा शिल्लक राहायला हवा.